फोटो काढणाऱ्याचा आवाज

फोटोग्राफीवर पॉडकास्ट करतेय असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. 'म्हणजे रेडिओवर रांगोळी?' असं एका मित्रानं विचारलं. टोमणा चांगला होता, पहिल्या एपिसोडमध्ये मी तो वापरलाही. कल्पना साधी आहे. आठ-नऊ मिनिटांचा एपिसोड. एखादा रस्ता किंवा एखादा प्रवास, तिथे रेकॉर्ड केलेले आवाज आणि तिथेच काढलेल्या एका फोटोची हकीकत. स्वारगेटला बसमध्ये बसून सुरू केला तर कात्रज यायच्या आत संपेल एवढा. तांत्रिक बाजूबद्दल इथे फार बोलत नाही. मोबाइल, एक छोटा माइक आणि वाऱ्यासाठी त्या माइकला केसाळ टोपडं, एवढं जमलं की निम्मं काम होतं.

मला अडवलं ते एडिटिंगनं. ऐकायला बसले तर रेकॉर्डिंगमध्ये मीच भरपूर. 'दोन मिनिटं बोलू का?', 'हे इथे ठेवलं तर चालेल का?', 'नाही नाही, पैसे नाही लागत.' हा सगळा कचरा काढून टाकायचा असतो, असं शिकवणारे सगळे सांगतात. प्रश्न कापा, उत्तर ठेवा. ऐकणाऱ्याला माणूस थेट भेटला पाहिजे, मध्ये तुम्ही कशाला?

पुण्यातल्या एका गजबजलेल्या चौकात (कोणत्या, ते का सांगत नाही हे पुढे येईल) एक बाई पोत्यावर लिंबं, आलं आणि कढीपत्ता घेऊन बसतात. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसून विचारलं, 'मावशी, थोडं बोलू का तुमच्याशी?' त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'कार्पोरेशनच्या का मॅडम तुम्ही?' नाही म्हटल्यावर, 'मग पेपरवाल्या?' तेही नाही म्हटल्यावर जरा थांबून, 'मग कशाला?' त्यानंतर दोन-तीन गिऱ्हाइकं झाली आणि मग त्या बोलू लागल्या. सोलापूरकडचं गाव, दुष्काळात ते सुटलं ते कसं, नवऱ्याची हमाली, लेकीचं नर्सिंग. फार सुंदर ऑडिओ आहे. नियमाप्रमाणे एपिसोड सुरू व्हायला हवा तो 'आमचं गाव तिकडं सोलापूरकडं' इथून. पण ती पहिली तीन वाक्यं कापली की उरतं ते खोटं नसतं, तरीही वेगळं असतं. धास्तीतून सुरू झालेला एक व्यवहार मोकळ्या गप्पा म्हणून ऐकू येतो. त्या आपणहून, जगाला सांगायचं म्हणून बोलतायत असं वाटतं. त्या तर मी कोण आहे याचा अंदाज घेत बोलत होत्या.

आता यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. मला यातून जे दिसलं ते ऑडिओबद्दल कमी आणि फोटोबद्दल जास्त आहे. मी सात-आठ वर्षं रस्त्यावर फोटो काढते. फोटोत ही कापाकापी करावीच लागत नाही, कारण ती यंत्रातच होऊन येते. फोटो काढणारा फोटोत नसतो. त्यानं विचारलं का, कसं विचारलं, समोरचा कशासाठी तयार झाला, की त्याला पत्ताच नव्हता, यातलं काहीही चौकटीत उतरत नाही. बघणाऱ्याला वाटतं, आपण आणि तो माणूस, मध्ये कोणी नाही. माइकसमोर मात्र मला लपता येत नाही. लपायचं तर मुद्दाम कात्री चालवावी लागते.

मराठीत तर विचारण्याआधीच एक निवड करावी लागते. तू की तुम्ही? आणि हाक काय मारायची? मी त्या बाईंना 'मावशी' म्हटलं. सख्ख्या आईची बहीण, याहून जवळचं नातं कोणतं. पण शहरातला मध्यमवर्ग रस्त्यावर हा शब्द कोणाला लावतो ते बघा. भाजीवालीला, घरी काम करायला येणाऱ्या बाईंना, हॉस्पिटलमध्ये फरशी पुसणाऱ्या बाईंना. त्याच वयाची बाई सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटली तर ती 'काकू' होते. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंना मावशी म्हणून बघा. पुरुषांचंही तेच : पँट-शर्टातला तो काका, हॉटेलात चहा आणून देणारा किंवा चौकात शिट्टी वाजवणारा तो मामा, आणि हिंदीत बोलला की वय काहीही असो, भैया. या हाकांमध्ये माया नसते असं नाही. पण मायेबरोबर जागाही दाखवलेली असते. आणि त्यांनी मला परत केलेली हाक होती 'मॅडम'. मावशी आणि मॅडम. या दोन शब्दांत आमच्यातलं अंतर जितकं नेमकं आहे तितकं मी काढलेल्या कुठल्याही फोटोत नाही.

रस्त्यावरच्या फोटोग्राफीचा इतिहास हा बऱ्याच अंशी न दिसण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. वॉकर इव्हान्सनं १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा दडवून समोरच्या बाकांवरच्या प्रवाशांचे फोटो काढले. लेन्स कोटाच्या दोन बटणांमधून डोकावायची आणि शटरची तार बाहीतून हातात आलेली असायची. त्या चेहऱ्यांवर खरोखरच कोणताही मुखवटा नाही. माणूस एकटा असतो तेव्हा जसा दिसतो तसे ते दिसतात, आणि म्हणूनच ते फोटो थोर आहेत. पण त्यांचं पुस्तक यायला १९६६ साल उजाडलं. इतकी वर्षं मध्ये गेल्यामुळे ते फोटो कोणा ओळखीच्या माणसाचे राहिले नव्हते, एका काळाचे झाले होते. आज आपल्याकडे ही मधली वर्षंच उरलेली नाहीत. लोकलमध्ये डुलकी लागलेल्या माणसाचा फोटो, तो उतरायच्या आत, त्याच्याच डब्यातल्या कोणाच्या तरी फोनवर येऊ शकतो.

दुसरं उदाहरण आंरी कार्तिए-ब्रेसाँचं. हा माणूस आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकत असे, कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्याच्या १९५२च्या पुस्तकाचं इंग्रजी नाव 'द डिसाइसिव्ह मोमेंट'. फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात, प्रत्येक यूट्यूब चॅनलवर या 'निर्णायक क्षणा'ची पूजा होते. मूळ फ्रेंच नाव मात्र वेगळं आहे : 'इमाज आ ला सोवेत'. 'आ ला सोवेत' म्हणजे घाईघाईनं, चोरटेपणानं, पळण्याच्या तयारीत. आणि फ्रेंचमध्ये हा शब्दप्रयोग खास कोणासाठी वापरतात, तर विनापरवाना फुटपाथवर माल मांडून बसणाऱ्या आणि पोलीस दिसला की गाठोडं उचलून पळणाऱ्या विक्रेत्यासाठी! मला हे कळलं तेव्हा मी खूप वेळ त्यावर विचार करत बसले. इंग्रजीत गेल्यावर फोटोग्राफर क्षणाचा स्वामी झाला. फ्रेंचमध्ये तो फेरीवाल्याचा जातभाई होता, दोघंही रस्त्यावर, दोघंही कुणाच्या तरी नजरेतून निसटणारे.

उपमा लोभसवाणी आहे, पण ती फार ताणवत नाही. कारण पकडलं गेल्यावर दोघांचं काय होतं ते सारखं नाही. मला कोणी हटकलं तर मी सॉरी म्हणून फोटो डिलीट करते आणि समोरच्या टपरीवर चहा पिते. त्या बाईंकडे अतिक्रमणची गाडी आली तर वजनकाटा जातो, माल जातो आणि सोडवायला दंड आणि दिवस दोन्ही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रं द्या, शहर विक्रेता समिती नेमा असं त्यात आहे. पण हातात प्रमाणपत्र नसलेले कितीतरी लोक आजही तसेच रस्त्यावर बसतात. अशा माणसाचा सुंदर, हसरा फोटो मी चौकाच्या नावासह टाकला, किंवा त्यांच्याच आवाजात त्यांची बसायची वेळ ऐकवली, तर मी नेमकं काय दिलं आणि कोणाला दिलं? फोटोला सन्मान आहे का, अशी चर्चा आपण खूप करतो. 'कार्पोरेशनच्या का मॅडम' या प्रश्नात सन्मानाचा मुद्दाच नव्हता. त्यात वजनकाट्याचा मुद्दा होता. म्हणून चौक सांगत नाही.

कायदा काय म्हणतो, असं विचारणारेही असतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. पण रस्त्यावर फोटो काढताना प्रत्येकाला विचारलंच पाहिजे असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. त्यामुळे हा प्रश्न शेवटी वकिलाकडून परत आपल्याकडेच येतो.

पॉडकास्टमध्ये आणखी एक गोष्ट घडते. फोटो दिसत नसल्यामुळे तो शब्दांत सांगावा लागतो, आणि तिथे माणूस उघडा पडतो. दाखवणं आणि सांगणं यात हाच फरक आहे. फोटोत एक म्हातारे गृहस्थ एसटी स्टँडच्या बाकावर बसलेत, एवढंच असतं. सांगताना माझ्या तोंडून सहज निघतं, 'थकलेले', 'आयुष्यानं हरवलेले', 'डोळ्यांत वाट बघणं'. हे कोणी सांगितलं मला? कदाचित गाडी चुकली असेल. कदाचित जेवण जास्त झालं असेल.

डोरोथिया लँगचा 'मायग्रंट मदर' हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल : गालाला हात लावून दूर बघणारी आई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. लँगनं नंतर स्वतःच लिहिलंय की तिनं त्या बाईंचं नाव विचारलं नाही. पोटासाठी त्यांनी नुकतेच गाडीचे टायर विकलेत, असंही तिनं लिहिलं. १९७८ साली त्या बाईंचा पत्ता लागला. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे त्यांचं नाव, आणि आपल्याला या फोटोतून एक छदामही मिळाला नाही याची त्यांना चीड होती. टायर विकल्याची गोष्ट तर त्यांच्या घरच्यांनी साफ नाकारली. फोटोत टायर नव्हतेच. फोटो होता तसाच राहिला, चुकलं ते सांगणं. पण चाळीसहून जास्त वर्षं जगानं तो फोटो त्या सांगण्यातूनच पाहिला. त्या फोटोमुळे तळावर सरकारी मदत पोचली, असंही सांगतात. ती पोचली तोवर हे कुटुंब पुढच्या गावाला निघून गेलं होतं.

म्हणून वर्णन करताना मी एक पट्टी वापरून बघतेय : तो माणूस माझ्या शेजारी बसून ऐकत असता तर हे वाक्य मी बोलले असते का? 'निळा शर्ट, पायात स्लिपर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव' हे बोलले असते. 'आयुष्यानं हरवलेले' नसते बोलले. ही पट्टी सगळीकडे चालणार नाही हे मला कळतं. रस्त्यात दादागिरी करणाऱ्या नगरसेवकाच्या कार्यकर्त्याचं वर्णन त्याच्या शेजारी बसून करायची माझी हिंमत नाही, तरी ते करायला हवं. पट्टी दुबळ्या माणसासाठी आहे, बळकटासाठी नाही. कोण दुबळा हे पुन्हा मीच ठरवणार, ही त्यातली अडचण आहेच.

आता समोरची बाजू. ती मी रोज स्वतःशीच मांडते. सगळ्यांना विचारून फोटो काढायचे म्हटले तर रस्त्याचा फोटो उरतच नाही. विचारलं की माणूस बदलतो. खांदे ताठ होतात, हसू गळतं, पदर सावरला जातो. आपण त्याला 'पोझ' म्हणतो आणि डिलीट करतो. खरं आहे, न विचारता काढलेले फोटो नसते तर आपली शहरं कशी दिसत होती याची निम्मी आठवण नसती. मीही सगळे फोटो विचारून काढत नाही, पुढेही काढणार नाही. दादरच्या फूलबाजारात पहाटे झेंडूची पोती खांद्यावर घेऊन धावणाऱ्या माणसाला थांबवून परवानगी मागणं म्हणजे त्याच्याच धंद्यात मोडता घालणं.

पण 'पोझ'बद्दल माझं मत बदललंय. पदर सावरून, हात सरळ सोडून, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी बाई ही खोटी आणि तोंडात पान कोंबताना पकडलेली बाई खरी, हे कोणी ठरवलं? आपल्या घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये आपल्याला पहिली हवी असते. सरळ उभं राहणं हा त्या माणसानं फोटोत घातलेला स्वतःचा वाटा आहे. 'मला असं बघा' हे त्याचं म्हणणं. ते काढून टाकणं आणि माझ्या ऑडिओतून 'मग कशाला?' काढून टाकणं, या दोन्हींत मला आता फारसा फरक दिसत नाही.

तेव्हा एपिसोडमध्ये मी माझा प्रश्न ठेवला. 'मावशी'ही ठेवलं, 'कार्पोरेशनच्या का' हेही ठेवलं. एकूण अकरा सेकंद. यातही एक खड्डा आहे. हे वाढवत नेलं तर पॉडकास्ट माझ्याच संकोचाचा होईल : बघा मी किती हळवी, किती सावध. असे पॉडकास्ट मी ऐकलेत. त्यात रस्त्यावरची माणसं हळूहळू निवेदकाच्या सद्गुणांची साक्षीदार होऊन बसतात. म्हणून अकरा सेकंदच, वर स्पष्टीकरण नाही. ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजेल.

एपिसोड टाकण्याआधी मी तो त्या बाईंना नेऊन ऐकवला, हेडफोनवर. गिऱ्हाईक आलं की एक कान मोकळा करत, पुन्हा लावत त्यांनी तो पूर्ण ऐकला. मला वाटलं होतं गावाच्या भागाशी त्या थांबतील. तिथे काहीच नाही. त्यांचा आक्षेप वेगळाच होता. 'ह्यात मी लिंबं धाला तीन म्हणलीय. आता धाला दोनच हायती. लोक येऊन भांडतील की.' चौकाचं नाव दिलेलं नाही, कोणी येणार नाही, असं मी समजावलं. त्यावर त्या म्हणाल्या, 'मग काय उपयोग?' माझ्या सगळ्या सावधगिरीचा हिशेब त्यांनी तीन शब्दांत मांडला. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं आणि अतिक्रमणची गाडी नको होती. दोन्ही एकाच पत्त्यावर येतात. आम्ही त्यावर बरंच बोललो. शेवटी पत्ता नको, असं त्यांनीच ठरवलं, आणि भावाचं वाक्य मी पुन्हा रेकॉर्ड केलं.

पुढचे एपिसोड आषाढी वारीचे करायचं मनात आहे : सासवड, जेजुरी, वाल्हे, मग नीरा. वारीत हाकेचा प्रश्न एका फटक्यात सुटतो, कारण तिथे सगळेच एकमेकांना 'माउली'. मावशी नाही, मॅडम नाही. पण ही हाक फोटोग्राफरांनाही छान सापडलेली आहे. 'माउली, जरा इकडे बघा' म्हटलं की वेगळी परवानगी लागत नाही असं समजतात. दिवे घाटात तर वारकऱ्यांच्या पुढे कॅमेऱ्यांची एक दिंडी चालते. टाळ-मृदंगाचा गजर रेकॉर्ड करताना मी कोणाला विचारणार नाही. तो ऐकू जावा म्हणूनच उठवलेला असतो. नदीवर आंघोळ करणाऱ्या बायकांकडे लांब पल्ल्याची लेन्स लावणार नाही. तो प्रश्नच नाही, आणि तरीही दरवर्षी असे फोटो दिसतात.

अवघड आहे ते या दोन्हींच्या मधलं. रात्री मुक्कामावर तंबूच्या कडेला पाय चेपत बसलेली एखादी आजी स्वतःशीच ओवी गुणगुणते. ती ना गजर असते ना आंघोळ. गाताना थांबवून विचारलं तर ओवी मोडते. संपल्यावर विचारलं तर रेकॉर्डिंग आधीच झालेलं असतं. सध्या माझं असं ठरलंय की संपल्यावर विचारायचं आणि नको म्हणाली तर तिच्यासमोर डिलीट करायचं. पण फोनच्या पडद्यावर मी काय दाबलं हे तिला कळणार नाही, तिनं माझ्या शब्दावर भरवसा ठेवायचा. त्यापेक्षा तिच्या दिंडीतलंच कोणी, तिच्या विश्वासातलं, बरोबर असलेलं बरं. त्यासाठी दिंडीप्रमुखांना आधी भेटायला हवं. वैशाखात एकदा आळंदीला जाऊन येईन म्हणते, रेकॉर्डर न घेता.